सेक्स थेरपी आणि योग्य थेरपिस्टची निवड: सोलापूरकरांसाठी मार्गदर्शक

लैंगिक अडचणीवर मदत शोधू लागलेल्या माणसाला आपल्याकडे डॉक्टरच्या आधी जाहिरात भेटते. बसस्थानकांच्या आसपासच्या भिंती, सार्वजनिक मुताऱ्या, विजेचे खांब आणि आता मोबाईल, सगळीकडे मजकूर एकच असतो: मर्दानी कमजोरी, शीघ्रपतन, धातू जाणे, खात्रीशीर इलाज, अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटा. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. म्हणजे असा दावा भिंतीवर रंगवणारा माणूस रुग्ण दारात येण्याआधीच कायदा मोडून बसलेला असतो. ज्यांना त्या वाटेने जायचे नाही, पण दुसरी वाट कोठून सुरू होते हे माहीत नाही, अशा व्यक्तींसाठी आणि जोडप्यांसाठी हा लेख आहे.

सेक्स थेरपी म्हणजे काय

सेक्स थेरपी हा संवादातून चालणारा उपचार आहे. कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे किंवा न टिकणे, वीर्यपतन फार लवकर किंवा फार उशिरा होणे, संबंधाच्या वेळी वेदना होणे, योनीचे स्नायू आपोआप आवळले गेल्यामुळे संबंधच न होणे, कामतृप्ती न मिळणे, दोघांच्या इच्छेत मोठी तफावत असणे अशा तक्रारींवर तो केला जातो. थेरपिस्ट प्रश्न विचारतो, माहिती देतो, भीती आणि गैरसमज उलगडतो आणि घरी करण्याचा अभ्यास सांगतो. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे: थेरपीच्या खोलीत कोणाचेही कपडे उतरत नाहीत, थेरपिस्ट रुग्णाला लैंगिक स्पर्श करत नाही आणि जोडप्याला त्याच्यासमोर काहीही करून दाखवावे लागत नाही. शारीरिक तपासणी आवश्यक असेल, तर ती डॉक्टरच्या दवाखान्यात, कारण सांगून आणि संमती घेऊन होते. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असल्यास परिचारिका किंवा अन्य स्त्री उपस्थित असावी, असा आग्रह धरावा.

या उपचाराला आजचे रूप मिळाले ते अमेरिकेतील सेंट लुईस येथील विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांच्या कामामुळे. त्यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीत अडचण एकाची असली, तरी उपचार जोडप्यावर होत असे, आणि जोडप्याला साधारण दोन आठवडे तेथे राहून रोज भेटावे लागत असे. आता आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाऊण ते एक तासाची भेट, हीच सर्वसाधारण रीत आहे. त्याच दशकात जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञाने या मदतीच्या चार पातळ्या मांडल्या: मोकळेपणाने बोलण्याची मुभा, नेमकी माहिती, विशिष्ट सूचना आणि शेवटी सखोल थेरपी. नवखा माणूस चौथी पातळी डोळ्यांसमोर आणून घाबरतो. माझ्या मते आपल्याकडच्या अनेक तक्रारी पहिल्या दोन पातळ्यांवरच हलक्या होण्यासारख्या असतात, कारण त्यांच्या मुळाशी अज्ञान आणि अबोला असतो. धातू जाण्याची भीती हे याचे उत्तम उदाहरण. लघवीवाटे किंवा स्वप्नात वीर्य गेल्याने अंगातले बळ जाते, या समजुतीतून येणारा थकवा, चिंता आणि उदासी यांना डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. वीर्य बाहेर पडल्याने शरीर खंगत नाही. मात्र भीतीने माणूस खरोखर खंगतो, आणि त्या भीतीवर उपचार होऊ शकतो.

पहिली पायरी: तक्रार लिहून काढणे

कोणाकडेही जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. अडचण पहिल्यापासून आहे की मध्येच सुरू झाली. ती प्रत्येक वेळी येते की काही प्रसंगीच. एकटे असताना आणि जोडीदारासोबत असताना काही फरक पडतो का. आणि सुरू असलेली सर्व औषधे कोणती. यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार उपयोगी असते. पहाटे ताठरता नीट येते, पण पत्नीजवळ येत नाही, असे असेल तर चिंतेचा वाटा मोठा असण्याचा संभव वाढतो. कोणत्याच वेळी येत नसेल, तर शरीराकडे आधी पाहावे लागते. औषधांच्या यादीत रक्तदाबाच्या, नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्या आवर्जून लिहाव्यात, कारण त्यांपैकी काहींचा परिणाम थेट कामेच्छेवर किंवा ताठरतेवर होतो. दारू आणि तंबाखू लपवू नये. यंत्रमागावर किंवा अन्यत्र रात्रपाळी असेल, तर तेही लिहावे. झोप मोडलेल्या शरीराकडून इच्छेची अपेक्षा करणे अवघड असते.

दुसरी पायरी: शरीराची शंका आधी फेडून घेणे

हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि गाळल्याचे नुकसानही सर्वांत मोठे असते.

ताठरतेची अडचण नव्याने सुरू झालेल्या, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने प्रथम फिजिशियनकडे जावे. रक्तातील साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि आवश्यक वाटल्यास सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, एवढ्या साध्या तपासण्यांतून पुष्कळ कळते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने रक्तवाहिन्यांचा आजार तेथे आधी जाणवू शकतो. म्हणून ही तक्रार काही वेळा हृदयविकाराची आगाऊ सूचना ठरते. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणून घेणारा माणूस ही सूचना स्वतःच दडपून टाकतो. त्याहून गंभीर बाब अशी की, छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गटातील औषधे घेणाऱ्याने सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल ही ताठरतेची औषधे घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही असे घटक मिसळलेले आढळले आहेत, त्यामुळे पुडीवर काय लिहिले आहे यावर विसंबण्यात अर्थ नाही.

स्त्रीला संबंधाच्या वेळी वेदना होत असतील, तर प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजालाची वाढ गर्भाशयाबाहेर होणे), बाळंतपणातील टाके, स्तनपानाच्या काळातील किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा यांवर उपचार आहेत, आणि कोरडेपणासाठी साधे वंगणही पुष्कळ काम करते. पाळी गेली, आता हे असेच चालायचे, असे सांगून कोणी परत पाठवत असेल तर दुसरा डॉक्टर पाहावा. तपासणीत काही आढळले नाही, पण स्नायू आवळले जाऊन संबंध होतच नाही, अशी स्थिती असेल तर तिला योनिआकर्ष म्हणतात. हा स्त्रीचा हट्ट नसतो आणि नकारही नसतो; ती शरीराची अनैच्छिक प्रतिक्रिया असते. तिच्यावर शिथिलीकरण, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि डायलेटर, म्हणजे योनीत ठेवायच्या क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या, यांचा वापर यांनी चांगला उपचार होतो.

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, घरातून ‘गोड बातमी’ची विचारणा सुरू झाली, म्हणून जोडपे थेट वंध्यत्वाच्या दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, वीर्यतपासणी होते, औषधे सुरू होतात, आणि संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही ही गोष्ट कोणी विचारत नाही आणि जोडपेही सांगत नाही, हे आपल्या समाजात नवीन नाही. तुमच्या बाबतीत तसे असेल, तर पहिल्याच भेटीत हे एक वाक्य बोलावे. पुढचा बराच खर्च आणि मनस्ताप त्या एका वाक्याने वाचतो.

पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ असलेल्या डॉक्टरांकडे अनेक जण सरसकट जातात. गुप्तांगावर फोड, जखम, स्राव किंवा खाज असेल, तर तेच योग्य ठिकाण आहे. शिश्नाला आलेला बाक किंवा लघवीच्या तक्रारी मूत्ररोगतज्ज्ञाने पाहाव्यात.

तिसरी पायरी: थेरपिस्ट शोधणे आणि नोंदणी पडताळणे

भारतात ‘सेक्स थेरपिस्ट’ या नावाची वेगळी शासकीय नोंदणी नाही. ‘सेक्सॉलॉजिस्ट’ ही पाटीही कोणीही लावतो. त्यामुळे पाटीवरचा शब्द बाजूला ठेवून त्याखालची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचावा लागतो. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे मानसोपचारातील एमडी, डीएनबी ही पदवी किंवा डीपीएम ही पदविका आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, आणि ते औषधे लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे डॉक्टर नसतात, औषधे देत नाहीत, पण थेरपीचे प्रशिक्षण त्यांचेच सखोल असते. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मानसशास्त्रात एमए करून समुपदेशन करणाऱ्यांसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. त्यांच्यात उत्तम काम करणारेही असतात, परंतु त्यांनी लैंगिक समस्यांचे प्रशिक्षण कोठे घेतले आणि अवघड प्रसंगी ते कोणाचा सल्ला घेतात, हे विचारणे भाग आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या स्वतःच्या राज्य परिषदा आहेत. पदवी खरी असेल तर क्रमांक सांगण्यात कोणालाच अडचण नसते. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे परत जाऊ नये.

सोलापुरात सुरुवात करण्यासाठी माझ्या मते सर्वांत रास्त जागा म्हणजे आपले सिव्हिल, अर्थात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. मेडिसिन, स्त्रीरोग, त्वचारोग आणि मानसोपचार हे विभाग एकाच संस्थेत असल्याने एका विभागातून दुसऱ्या विभागात चिठ्ठी मिळते आणि खिशाला फारसा भार पडत नाही. गैरसोयही सांगितली पाहिजे: बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, शिकाऊ डॉक्टर उपस्थित असतात आणि तासभर निवांत बोलणे पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही. विद्यार्थ्यांसमोर बोलायचे नसेल, तर तसे शांतपणे सांगावे. शहरातील खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे वेळ घेऊन भेटता येते. मात्र त्यांपैकी प्रत्येक जण लैंगिक समस्यांवर थेरपी देतोच असे नाही, म्हणून फोनवरच विचारून घ्यावे.

ओळखीच्या माणसाची नजर ही लहान शहरातली खरी अडचण आहे. नवी पेठेतल्या दवाखान्याच्या बाकावर सासरकडचा कोणी भेटेल, या धास्तीने लोक वर्षानुवर्षे थांबतात. त्याला तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे मानसोपचाराच्या दवाखान्यातच जाणे: तेथे झोप, चिंता, डोकेदुखी, व्यसन अशी नाना कारणे घेऊन माणसे आलेली असतात, त्यामुळे बाकावर बसण्यावरून तक्रार कळत नाही. दुसरा उपाय व्हिडिओवरील भेटीचा. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे नोंदणीकृत डॉक्टरांना दूरस्थ सल्ला देण्याची स्पष्ट चौकट मिळाली आहे. तिसरा उपाय पुण्याचा: सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघून रात्री परतता येते, आणि पहिली भेट तेथे व पुढच्या भेटी व्हिडिओवर, अशी विभागणी पुष्कळ थेरपिस्ट मान्य करतात. कोठे जावे हेच सुचत नसेल आणि मन फार अस्वस्थ असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. तेथे सेक्स थेरपी होत नाही, परंतु मन मोकळे करता येते आणि पुढची दिशा मिळते.

भाषेचा विचार सोलापुरात वेगळा करावा लागतो. पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडून आलेल्या सुनेची भाषा कन्नड असू शकते, कोठे उर्दू असते. बाजारहाटापुरते मराठी येणे वेगळे आणि स्वतःच्या शरीराविषयी मराठीत बोलता येणे वेगळे. ज्या भाषेत लाज कमी वाटते, त्या भाषेचा थेरपिस्ट शोधावा आणि दुभाषी म्हणून नणंद, जाऊ किंवा आईला कधीही सोबत बसवू नये.

चौथी पायरी: वेळ घेण्यापूर्वीचे प्रश्न

फोनवर तपशीलवार तक्रार सांगण्याची गरज नाही. ‘वैवाहिक आणि लैंगिक समस्येसाठी भेटायचे आहे, डॉक्टर असे रुग्ण पाहतात का?’ एवढे वाक्य पुरते. त्यानंतर फी किती, भेट किती मिनिटांची, दोघांनी यावे की आधी एकट्याने, आणि दोघांना स्वतंत्र वेळ मिळतो का, हे विचारावे. ‘किती भेटींत बरे व्हाल’ याची हमी देणारा, पहिल्याच फोनवर संपूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ मागणारा किंवा औषध फक्त आपल्याकडेच मिळते असे सांगणारा माणूस टाळावा.

मूल्यांविषयीही आधीच विचारलेले बरे. अविवाहित, घटस्फोटित, दिव्यांग किंवा समलैंगिक व्यक्तीला प्रवचन ऐकण्यासाठी फी भरण्याचे कारण नाही. प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, आणि लैंगिक कल ‘बदलून देण्याचा’ उपचार हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मुलाला ‘सरळ करून द्या’ म्हणणाऱ्या पालकांना होकार देणारा डॉक्टर नियमबाह्य आश्वासन देत असतो.

पाचवी पायरी: भेटी आणि घरचा अभ्यास

पहिल्या एक-दोन भेटींत बहुतांश वेळ विचारपूस चालते. बालपण, लैंगिक माहिती कोठून मिळाली, लग्न कसे ठरले, घरात कोण कोण आहे, जुना एखादा वाईट अनुभव आहे का, असे प्रश्न येतात. उत्तर द्यावेसे वाटत नसेल, तर ‘हे नंतर सांगेन’ म्हणण्याचा अधिकार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरीही तिला अपवाद असतात. कोणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती समोर आल्यास थेरपिस्टला ती योग्य यंत्रणेला द्यावी लागते. चांगला थेरपिस्ट ही मर्यादा आरंभीच सांगतो. स्वतंत्र भेटीत सांगितलेली गोष्ट जोडीदाराला कळेल का, याचेही उत्तर तेव्हाच मागून घ्यावे.

घरचा अभ्यास बहुधा संबंधबंदीने सुरू होतो, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या स्पर्शकेंद्रित सरावात काही काळ संभोग पूर्ण वर्ज्य असतो. दोघांनी आळीपाळीने एकमेकांना गुप्तांगे आणि स्तन वगळून स्पर्श करायचा आणि काय जाणवते एवढ्याकडेच लक्ष द्यायचे. परीक्षा रद्द झाली की विद्यार्थ्याचा घसा जसा सुटतो, तसे येथे घडते: जमवून दाखवण्याचे ओझे उतरल्यावर शरीर आपले काम करू लागते. पुढच्या टप्प्यांत स्पर्शाची व्याप्ती हळूहळू वाढते आणि संभोग सर्वांत शेवटी येतो. शीघ्रपतनासाठी थांबा-पुन्हा-सुरू करा (वीर्यपतन जवळ आल्यासारखे वाटताच उत्तेजन थांबवायचे आणि ती भावना ओसरली की पुन्हा सुरू करायचे) हा सराव जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये मांडला. तो आजही वापरला जातो, आवश्यक तेथे औषधाची जोड देऊन. बंदी मोडली तर लपवू नये, पुढच्या भेटीत सांगावे. तीही उपयोगी माहिती असते.

आता खरी सोलापुरी अडचण. या सरावाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुमारे अर्धा-पाऊण तास, आतून कडी लागणारी खोली हवी. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, दीर आणि मुले असताना ती कोठून आणायची? हा प्रश्न थेरपिस्टने विचारला नाही, तर तुम्ही विचारावा. घरातील माणसे देवाला किंवा कामाला गेलेली वेळ, सुट्टीची दुपार, एखाद्या नातेवाइकाचे रिकामे घर, असे मार्ग निघतात. नळाला पाणी येणारा दिवस मात्र सोडावा, कारण त्या दिवशी घरातील सगळ्यांचे लक्ष हंडे आणि पिंप भरण्यात असते, आणि सुनेला कोणी खोलीत बसू देणार नाही. जागाच मिळत नसेल, तर सराव लहान करून देणे हे थेरपिस्टचे काम आहे.

जोडीदार यायला तयार नसेल, तरी एकट्याने सुरुवात करता येते. ‘तुझ्यात दोष आहे, चल’ म्हटल्यावर कोणी येत नाही. ‘मला मदत हवी आहे, डॉक्टरांना तुझ्याशीही बोलायचे आहे’ म्हटल्यावर येण्याची शक्यता वाढते. मात्र घरात मारहाण, धमकी किंवा बळजबरी असेल, तर जोडप्याची थेरपी हे योग्य साधन नाही. तेथे आधी सुरक्षितता महत्त्वाची. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

काही कुटुंबे थेरपिस्टकडे प्रमाणपत्र मागायला येतात. नपुंसकतेमुळे विवाह पूर्णत्वास न जाणे हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार विवाह रद्द ठरवण्याचे एक कारण आहे, त्यामुळे बैठकीत बसलेल्या वडीलधाऱ्यांना कागद हवा असतो. न्यायालयासाठी लागणाऱ्या तपासणीची प्रक्रिया वेगळी असते. उपचाराच्या खोलीतून पुरावा गोळा करू लागल्यास दोघांपैकी एकही जण तेथे खरे बोलणार नाही.

थेरपिस्ट बदलावा केव्हा

तीन-चार भेटींनंतर निदान काय आहे, उद्दिष्ट काय आहे आणि पुढे काय करायचे आहे, हे तुम्हाला साध्या भाषेत सांगता येत नसेल, तर थेरपिस्टला तसे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तो एकाचीच बाजू घेत असेल, किंवा प्रत्येक भेट केवळ औषध बदलून देण्यात संपत असेल, तर दुसरा पाहण्यात संकोच नसावा. अश्लील शेरे, अनावश्यक स्पर्श, दवाखान्याबाहेर भेटण्याचा आग्रह किंवा छायाचित्रांची मागणी यांपैकी काहीही घडल्यास मात्र वाट पाहू नये. उपचार तेथेच थांबवून डॉक्टर असल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे आणि गुन्हा असल्यास पोलिसांकडे तक्रार करावी. थेरपिस्ट बदलताना आपल्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि ती प्रत हाती असली की नव्या ठिकाणी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.